डब्यावरची चिठ्ठी

पावसाच्या तोंडावर शेताच्या बांधावरून किंवा परसातून सुळकन जाणारी नानेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गार्टर साप फार समजावून सांगावा लागत नाही. तसाच सडपातळ, पाठीवर तसेच लांब पिवळट पट्टे, बेडूक-मासे खाणारा आणि माणसाला निरुपद्रवी. दोघंही एकाच उपकुळातले. मोठा फरक एवढाच, की नानेटी अंडी घालते आणि गार्टरची मादी जिवंत पिल्लं देते. कॅनडापासून कोस्टा रिकापर्यंत गार्टरच्या तीसहून अधिक जाती पसरलेल्या आहेत. त्यांतल्या 'कॉमन गार्टर' या एकाच जातीच्या जवळपास डझनभर उपजाती आहेत. फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावरची निळसर पट्ट्यांची, मॅनिटोबातली कुशीवर तांबडे ठिपके असलेली, सॅन फ्रान्सिस्कोजवळची लाल, काळ्या आणि फिरोजी पट्ट्यांची. या शेवटच्या सापाला उत्तर अमेरिकेतला सर्वांत देखणा साप म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलीच आहे.

मी मूळची सांगलीची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं, लग्नानंतर विस्कॉन्सिनला आले आणि मिलवॉकीच्या पश्चिमेला असलेल्या एका खाजगी पैदास केंद्रात कामाला लागले. बंदिवासात जन्मलेले साप वाढवून हौशी पाळणाऱ्यांना विकणं हा तिथला धंदा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी साप पकडता येत नाहीत, पाळताही येत नाहीत आणि ते योग्यच आहे. इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि बंदिवासात जन्मलेल्या गार्टरचा व्यापार बऱ्याच ठिकाणी कायदेशीर आहे. आम्ही गार्टरचेच पैदासकार. अजगर, कॉर्न स्नेक यांच्यापुढे गार्टर म्हणजे 'कुंपणाकडचा साप', फुकट मिळणारा, असं इथेही मानतात. पण गार्टर दिवसा हिंडतो, माणसाकडे टक लावून पाहतो, जेवणाच्या वेळी डब्याच्या तोंडाशी येऊन थांबतो. असा साप एकदा पाळला की दुसऱ्या सापात मन रमत नाही.

या कामात सर्वांत अवघड भाग कुठला, असं कोणी विचारलं तर मी सांगते, कोणाची कोणाशी जोडी लावायची हा. खाणं, ऊब, पाणी, स्वच्छता हे शिकता येतं. सोनमासा आणि तसले काही मासे सतत दिले तर त्यांतल्या थायमिनेजमुळे सापाला जीवनसत्त्व बी-१ची कमतरता होते आणि तो झटके येऊन मरतो, हे एकदा कळलं की कळलं. शेणखतातली लाल गांडुळं घातक, ओल्या मातीतली मोठी गांडुळं चालतात, हेही तसंच. जोडीचं मात्र तसं नाही. तिथे प्रत्येक निर्णय पुढच्या कित्येक पिढ्यांना बांधून टाकतो.

आमचं वर्ष हिवाळ्यात सुरू होतं. शरदात खाणं बंद करून, पोट रिकामं झाल्याची खात्री करून, साप तळघरातल्या थंड खोलीत जातात. पाच ते दहा अंश सेल्सिअसमध्ये दोन-तीन महिने. ही शीतनिद्रा चुकवली तरी कधीकधी पिल्लं होतात, पण थंडीतून बाहेर आलेल्या नराचा जोर वेगळाच असतो. ऊब परत मिळाली, मादीने वर्षातली पहिली कात टाकली, की नराला तिच्या डब्यात सोडायचं. तो हनुवटी तिच्या पाठीवर घासत शेपटीकडून मानेकडे सरकतो, जीभ सारखी आत-बाहेर. तो वास घेत असतो. मॅनिटोबात नार्सिस नावाच्या गावाजवळ चुनखडीच्या खड्ड्यांतून वसंतात हजारो लाल कुशीचे गार्टर बाहेर पडतात आणि एकेका मादीभोवती नरांचा गुंता होतो. तिथे रॉबर्ट मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन करून १९८९मध्ये दाखवून दिलं, की मादीच्या त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांतली मिथाइल कीटोन नावाची रसायनं नराला बोलावतात.

जातीजातींमध्ये जो अडसर आहे तो मुख्यत्वे या वासाचा. नर आपल्या जातीच्या मादीचा माग काढतो, परक्या मादीकडे बहुधा दुर्लक्ष करतो. ही भिंत पक्की नाही. आमचे मालक, सत्तरीतले, आयुष्यभर साप वाढवलेले गृहस्थ, त्यांच्या उमेदीच्या काळातली एक युक्ती सांगतात. नराच्या जातीच्या मादीची ताजी, ओली कात परक्या मादीच्या डब्यात ठेवायची. नर उत्तेजित होतो आणि समोर जी मादी असेल तिच्याशी जोडी लावतो. ही युक्ती त्यांनी चेकर्ड गार्टर आणि प्लेन्स गार्टर यांच्यात वापरली होती. चेकर्ड म्हणजे टेक्सास, न्यू मेक्सिको, मेक्सिकोकडचा, अंगावर सोंगटीच्या पटासारखे काळे चौकोन असलेला. प्लेन्स म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांचा, पाठीवर नारिंगी पट्टा असलेला. चेकर्डमध्ये अल्बिनो वाण जुना आणि भरवशाचा. अल्बिनोचा फिका गुलाबी-पिवळा रंग आणि प्लेन्सचा नारिंगी पट्टा एका सापात आणायचा, हा त्यामागचा विचार. मी कामाला लागले तेव्हा त्या जोडीची नातवंडं-पतवंडं रॅकमध्ये होती.

संकर म्हणजे काय होतं हे मी त्या रॅकमध्ये शिकले. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं बऱ्यापैकी सारखी असतात. ना धड चौकोनी, ना धड पट्टेरी, रंग साधा तपकिरी-हिरवट, कारण अल्बिनोपण अप्रभावी आहे आणि एकाच बाजूने आलं की दडून राहतं. या पिल्लांची आपापसांत जोडी लावली की दुसऱ्या पिढीत खरा खेळ दिसतो. चारात सरासरी एक पिल्लू अल्बिनो. त्या अल्बिनोंतही कोणी आजोबावर गेलेलं, कोणी आजीवर, बहुतेक मधेच कुठेतरी. एखादं पिल्लू खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारं निघतं, हे मी नाकारणार नाही. मेणासारखं अंग आणि त्यावरून केशरी धार.

पण वेत वीस पिल्लांचं असेल तर अशी हवीहवीशी पाच. उरलेल्या पंधरांचं काय करायचं?

हा प्रश्न पैदासकाराच्या जगात फार हळू आवाजात विचारला जातो, आणि माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. ती पंधरा पिल्लं साधी तपकिरी. त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांत अल्बिनोचा जनुक दडलेला असतो, पण कुठल्या दोघांत ते दिसून कळत नाही. अल्बिनो ज्या भावाने जातात त्याच्या पासंगालाही या पिल्लांची किंमत पुरत नाही. रॅकमध्ये जागा अडते, गांडुळं संपतात, आणि मग ती ठोकमध्ये एखाद्या पाळीव प्राण्यांच्या दुकानाला जातात. दुकानात डब्यावर एवढंच लिहिलेलं असतं, 'गार्टर'. तिथून कोणी शाळकरी मुलगा ते घेऊन जातो, दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाकडून एक मादी आणतो, पिल्लं होतात, आणि ती 'प्लेन्स' म्हणून पुन्हा बाजारात येतात. संकर करणाऱ्याने फक्त देखणी पाच पिल्लं पाहिली. रक्त बाहेर पसरलं ते त्या पंधरांतून.

आमच्याकडे आता ही पिल्लं बाहेर जात नाहीत. त्यासाठी मला मालकांशी बराच काळ वाद घालावा लागला. ते म्हणायचे, "गार्टर तो गार्टर, मुलाला काय फरक पडतो?" पहिल्या मुलाला खरंच काही फरक पडत नाही. त्याच्याकडून जो तिसरा-चौथा माणूस घेईल, त्याला पडतो.

सापांच्या एका प्रदर्शनात आमच्या टेबलावर एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या कुठल्यातरी विक्रेत्याकडून घेतलेली प्लेन्सची जोडी, तिची झालेली पिल्लं, आणि त्यांत अचानक दोन अल्बिनो. बाई आनंदात होत्या. आपल्याकडे नवा वाणच जन्मला, असं त्यांना वाटत होतं, आणि तो काय भावाने विकता येईल हे त्या विचारत होत्या. मी मादी हातात घेतली. गार्टर ओळखायचा असेल तर रंगावर जाऊ नये, खवले मोजावेत. पोटाच्या रुंद खवल्यांपासून वर मोजत गेलं की कुशीवरचा पट्टा कितव्या रांगेत आहे ते कळतं. प्लेन्समध्ये तो तिसऱ्या-चौथ्या रांगेत असतो. कॉमन गार्टरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या. चेकर्डमध्ये मानेजवळ तो फक्त तिसऱ्या रांगेत. वरच्या ओठाचे खवले प्लेन्समध्ये सहसा सात, चेकर्डमध्ये सहसा आठ. बाईंच्या मादीच्या ओठावर एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला आठ. पट्टा मानेपाशी तिसऱ्या रांगेत चिकटून, मग पुढे चौथ्यात चढलेला. मानेच्या दोन्ही बाजूंना चेकर्डची असते तशी फिकट चंद्रकोर, अगदी पुसट.

एकट्या ओठाच्या खवल्यांवरून काही सिद्ध होत नाही, कारण एखाद-दुसरा खवला कोणत्याही जातीत कमी-जास्त असू शकतो. पण सगळं एकत्र पाहिलं तर शंका राहिली नाही. मी त्यांना सांगितलं, की ही जोडी कुठल्यातरी जुन्या संकराची नातवंडं दिसतात, दोघांतही अल्बिनोचा जनुक दडलेला होता आणि तो आता वर आला. 'प्लेन्सचा नवा अल्बिनो' म्हणून ही पिल्लं विकू नका. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "मग यांना म्हणायचं काय?" मी एक कार्ड घेतलं आणि लिहून दिलं, 'प्लेन्स-चेकर्ड संकर असावा, आई-वडिलांची नोंद नाही'. मुलाने ते कार्ड खिशात नीट घडी करून ठेवलं. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं.

या संकरित सापांत दोष असतात का, असं मला नेहमी विचारतात. मी पाहिलेले बहुतेक संकर धडधाकट होते, खात-पीत होते आणि मुख्य म्हणजे त्यांना पिल्लं होत होती. घोडा-गाढवाच्या खेचराप्रमाणे वंश तिथेच थांबला असता, तर चिंतेचं एवढं कारण नव्हतं. गार्टरच्या जवळच्या जातींचा संकर फळतो आणि दोन पिढ्या एकाच बाजूला परत लावला, की खवले मोजूनही पकडता येत नाही.

माझे मामा सांगली जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव सायकलवर आणि नंतर मोटरसायकलवर फिरून त्यांनी गाईंना कृत्रिम रेतन केलं. जर्सीचा, होल्स्टीनचा संकर त्यांनी उभ्या आयुष्यात जितका केला असेल तितका माझ्या मालकांनी स्वप्नातही केला नसेल. दुधासाठी तो संकर हवाच होता, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांना फोनवर मी सापांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "अगं, वळू कुठला ते लिहून ठेवता का तुम्ही?" रेतमात्रेच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो आणि तो वहीत उतरवल्याशिवाय मामा गोठ्यातून हलत नसत. त्यांचं दुःख वेगळं होतं. ज्या गोठ्यांत नोंदी ठेवल्या नाहीत, तिथे चार पिढ्यांनंतर गाईत जर्सी किती, होल्स्टीन किती, गावठी किती, हे कोणालाच सांगता येईना, आणि पुढचा वळू कुठला निवडायचा हेही कळेना. आणि मधल्या काळात गावातली खिलार कमी झाली ती झालीच. मामांचा तो प्रश्न माझ्या कामाचा नियम झाला.

नोंद ठेवणं सापात गाईपेक्षा अवघड, कारण गार्टरची मादी नराचं वीर्य साठवून ठेवते. शरदात झालेल्या संयोगाचं वीर्य हिवाळाभर जिवंत राहून वसंतात गर्भ धरवू शकतं. एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्लं असू शकतात. म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही कोणता नर सोडला त्यावरून जुलै-ऑगस्टमधल्या पिल्लांचा बाप ठरतोच असं नाही. आमच्याकडे ज्या मादीचं वेत नोंदीत जायचं आहे ती जन्मापासून एकटी वाढते आणि तिच्या डब्यात एका हंगामात एकच नर जातो. बाहेरून आलेली मोठी मादी असेल तर तिच्या पहिल्या वेताच्या डब्यावर बापाच्या जागी आम्ही 'अज्ञात' लिहितो, मग नर आमच्या डोळ्यांसमोर जोडीला लागलेला का असेना.

ही काळजी पहिल्यांदा ज्यांनी घेतली त्या जोडप्याबद्दल मला फार आदर आहे. मिशिगन विद्यापीठात फ्रँक ब्लँचर्ड हे सर्पशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी फ्रीडा कॉब ब्लँचर्ड या वनस्पतींच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासक. फ्रीडाबाईंचं काम विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात होतं आणि ईव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडात संकर लावून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. झाडांच्या संकराची ती शिस्त त्यांनी सापांना लावली. कॉमन गार्टरमध्ये काही ठिकाणी पूर्ण काळेभोर साप सापडतात, एरी सरोवराभोवती विशेष. काळा आणि पट्टेरी यांच्या जोड्या लावून, पिल्लं वाढवून, पुन्हा जोड्या लावून त्यांनी दाखवलं, की काळेपणा मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी गुण म्हणून उतरतो. फ्रँक १९३७मध्ये वारले. १९४१मध्ये त्या दोघांच्या नावाने तो निबंध छापला गेला. सरपटणाऱ्या प्राण्यांत मेंडेलचा नियम दाखवणारं हे पहिलं काम मानलं जातं. शरदातल्या संयोगाने पिल्लं होतात याचा पुरावाही त्याच निबंधात आहे. आज जो कोणी 'हेट' हा शब्द सहज वापरून दडलेल्या जनुकाचे साप विकतो, तो त्या दोघांच्या वह्यांवर उभा आहे. आणि कोणाची जोडी कोणाशी लावली याची नोंद ठेवल्याशिवाय ते काम होणंच शक्य नव्हतं.

संकर सरसकट वाईट, असं म्हणणारे मित्र मला इथे भेटतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे लाल कुशीच्या उपजातीचा एक अल्बिनो वाण होता. बहिणीला भाऊ, मुलीला बाप असं करत करत त्याच्या पिढ्या चालत आल्या होत्या, आणि दर वेतात एक-दोन पिल्लं बारीक डोळ्यांची, शेपटीला गाठ असलेली, काही मेलेलीच. असा वाण तसाच रेटणं हा प्राण्याशी अन्याय आहे. मी त्यात त्याच जातीच्या, दुसऱ्या ठिकाणच्या रक्ताची धडधाकट मादी आणायला लावली. उपजाती वेगळी होती. पिल्लं उपजातींच्या मधली, पण जोमदार निघाली आणि पुढच्या पिढीतले अल्बिनो मोठ्या डोळ्यांचे, भराभर खाणारे. डब्यावर दोन्ही उपजातींची नावं आहेत. ज्याला एकाच ठिकाणचा, नोंद असलेला साप हवा आहे तो घेणार नाही. ज्याला निरोगी अल्बिनो हवा आहे तो घेईल. यात कोणाची फसवणूक नाही.

ठिकाणाला एवढं महत्त्व का, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी स्टीव्हन आर्नल्ड यांचं काम सांगते. कॅलिफोर्नियाच्या ओलसर किनाऱ्यावर मोठमोठ्या बिनशंखाच्या गोगलगायी असतात आणि तिथला वेस्टर्न गार्टर त्या आवडीने खातो. आतल्या कोरड्या भागात त्या गोगलगायी नाहीत, आणि तिथला त्याच जातीचा साप त्यांना तोंड लावत नाही. आर्नल्ड यांनी प्रयोगशाळेत जन्मलेली, काहीच न खाल्लेली पिल्लं घेतली. किनाऱ्यावरच्या आयांची पिल्लं गोगलगायीच्या तुकड्यावर तुटून पडत, आतल्या भागातल्या आयांची बहुतेक पिल्लं पाठ फिरवत. मग दोन्हींचा संकर केला. १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात संकरित पिल्लांचा कल नकाराकडे झुकलेला दिसला. म्हणजे गोगलगाय खायची की नाही हे पिल्लू आईकडून शिकत नाही, रक्तातून घेऊन येतं. किनारा आणि डोंगर यांतलं अंतर त्या लहानशा मेंदूत लिहिलेलं असतं. एकाच जातीचे, दिसायला सारखे दोन साप आतून इतके वेगळे असू शकतात. रॅकमधल्या प्रत्येक सापाचं मूळ ठिकाण आम्ही लिहितो ते यामुळे.

आणि निसर्गात? निसर्गातही संकर होतो, तो माझ्या घराजवळच होतो. मिलवॉकीच्या भोवती, आग्नेय विस्कॉन्सिनमध्ये बटलर्स गार्टर नावाची लहानखुरी जात आहे. जवळजवळ फक्त गांडुळं खाणारी, ओलसर गवताळ जागी राहणारी. तिथेच प्लेन्सही आहे, मिळेल ते खाणारा. दोघांचा संकर होतो, इतका की काही साप कोणत्या जातीत टाकायचे असा प्रश्न अभ्यासकांना पडला. बटलर्स राज्याच्या संकटग्रस्त यादीत होता त्या काळात तो प्रश्न थेट जमिनीवर उतरला. जिथे घरं बांधायची होती त्या ओलसर पट्ट्यातला साप कायद्याने संरक्षित जातीचा होता की संकर? २००८मध्ये फिट्झपॅट्रिक, बर्गार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणी करून दाखवलं, की रक्त एकमेकांत जात असूनही दोन्ही जाती आपापली ओळख टिकवून आहेत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. निसर्गात संकराला चाळणी असते. गांडुळांवर जगणारा आणि सगळं खाणारा यांच्या मधलं पिल्लू कुठल्या तळ्याकाठी टिकेल, कुठे नाही, हे ऊन, थंडी, शिकारी आणि खाणं ठरवतं. आमच्या रॅकमध्ये ती चाळणी नाही. तिथे मी प्रत्येक पिल्लाला चिमट्याने गांडुळाचा तुकडा भरवते आणि कुठलंही रक्त टिकतं. निसर्गात संकर होतो म्हणून आम्हीही करतो, हे म्हणणं म्हणूनच मला मान्य नाही.

सर्वांत कडक मी सॅन फ्रान्सिस्को गार्टरबाबत आहे. सॅन मटेओ परगण्यातल्या थोड्या तळ्यांकाठी उरलेला हा साप १९६७पासून अमेरिकेच्या नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत आहे. इथे परवान्याशिवाय तो कोणाकडे असूच शकत नाही. युरोपात मात्र तो पिढ्यानपिढ्या बंदिवासात वाढवला जातो. त्याचा सख्खा शेजारी म्हणजे कॅलिफोर्नियाचा लाल कुशीचा गार्टर. सॅन फ्रान्सिस्को द्वीपकल्पाच्या दक्षिणेला दोन्ही उपजाती एकमेकांत मिसळलेल्या सापडतात, तेव्हा जोडी लागायला काहीच अडचण नाही. मिसळलेलं पिल्लू पट्ट्याच्या तुटकपणावरून कधी ओळखू येतं, कधी येत नाही. जंगलातले हे साप संपले तर बंदिवासातल्यांकडे वळायची वेळ येऊ शकते. त्या दिवशी कोणी चार पैशांसाठी शेजाऱ्याचं रक्त घालून, चिठ्ठी न लावता पिल्लं विकली होती असं निघालं, तर ती पिल्लं कोणाच्याच कामाची नाहीत. एका उपजातीची शेवटची ठेव कोणीतरी उधळलेली असेल. एवढ्या मोठ्या नुकसानीला 'हौस' म्हणायची माझी तयारी नाही.

आमच्या रॅकवरची पद्धत आता ठरली आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला कार्ड असतं. जात, उपजात, मूळ ठिकाण, आई, बाप, जन्माचं वर्ष आणि एक रकाना 'शंका'. तो शेवटचा रकाना मी घातला. खात्री नसेल तर तिथे लिहायचं, लाजायचं नाही. साप विकला की कार्डाची नक्कल त्याच्याबरोबर जाते. दोन जातींमधला संकर आम्ही बंद केला आहे. जुन्या संकराचे जे साप आहेत ते आमच्याकडेच आयुष्य काढतील, त्यांना जोडी मिळणार नाही. गिऱ्हाईक विचारतात, नाराज होतात, कधी दुसऱ्या टेबलावर जातात. जाऊ देत.

पाळीव साप घेणाऱ्यांना, मग ते मिलवॉकीत असोत की म्यूनिकमध्ये, माझी हात जोडून विनंती आहे. साप आवडला की लगेच घेऊ नका, आई-बापाची नोंद मागा. विक्रेता 'ठाऊक नाही' म्हणाला तर ते प्रामाणिक उत्तर आहे. तेच डब्यावर लिहा आणि त्या सापाची पिल्लं घेऊ नका, त्याला एकट्यालाच प्रेमाने सांभाळा. संकर असेल तर संकर लिहा. आणि सांभाळणं झेपेनासं झालं तरी त्याला जवळच्या ओढ्याकाठी सोडून देऊ नका. तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं रक्त त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.